डॉ. बाबासाहेब आंबेडकर : आजन्म विद्यार्थी

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आपल्या जिल्ह्यात गावोगावी एकच चर्चा सुरू होते. मुलाला कॉलेजात घालावे की कामाला लावावे? मेहकर असो, चिखली असो, मलकापूर असो वा खामगाव असो, पालक शाळेत येतात, मार्कांचा कागद पुढे करतात आणि विचारतात, की सर, याच्यात काही दम आहे का? आम्ही शिक्षकही तो कागद पाहतो आणि दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळे होतो.

मीही एकदा असाच निकाल दिला होता. आमचा एक जुना विद्यार्थी दिवसा मोटार गॅरेजमध्ये काम करीत असे आणि त्याने कॉलेजातही नाव घातले होते. पहिल्याच वर्षी तो नापास झाला. त्याचे वडील माझ्याकडे सल्ला घ्यायला आले. त्याचे मन अभ्यासात नाही, गॅरेजच बरे, असे मी त्यांना सांगितले. मुलाने कॉलेज सोडले. तो तासांना केव्हा जात होता, त्याच्याजवळ पुस्तके होती की नाही, रात्री त्याला बसायला घरात कोपरा होता की नाही, यांपैकी काहीही मी विचारले नव्हते. पुढे वर्गात शिकविण्याच्या निमित्ताने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र मी पुन्हा वाचावयास घेतले आणि माझी चूक मला समजली. त्या वाचनातूनच हा लेख झाला आहे.

बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, दलितांचे उद्धारक म्हणून ओळखतो. या लेखात मात्र त्यांचे राजकारण बाजूला ठेवून दोनच गोष्टी पाहावयाच्या आहेत. एक, ते स्वतः कसे शिकले. आणि दुसरी, पुढे दुसऱ्यांच्या मुलांसाठी कॉलेज काढण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी काय केले.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू या लष्करी ठाण्यात झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्कराच्या शाळेत शिकवीत असत. घरात ज्ञानाची कदर होती, पण जात महार असल्यामुळे शाळेत मुलाच्या वाट्याला अपमानच आला. साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची सोय नव्हती. कोणी वरून पाणी ओतले तर प्यावयाचे, नाही तर तसेच राहावयाचे. आई लहानपणीच वारली आणि आत्याने त्यांचा सांभाळ केला.

विद्यार्थी मित्रांनो, भीमराव जन्मतःच अभ्यासू होते असे समजू नका. साताऱ्यास असताना त्यांचे मन बागकामात, शेळ्या राखण्यात रमे. एकदा तर मुंबईस पळून जाऊन गिरणीत नोकरी करावी असे त्यांनी ठरविले. गाडीभाड्यासाठी त्यांनी आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी गुपचूप काढून घेतली. तिच्यात निघाला अवघा अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्याने त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आता अभ्यास करावयाचा आणि लवकर आपल्या पायांवर उभे राहावयाचे, असा निश्चय त्यांनी त्या दिवशी केला.

पुढे हे कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या एका चाळीत राहू लागले. सगळ्या संसाराला खोली एकच. तिच्यातच चूल, तिच्यातच सरपण, तिच्यातच झोपणारी माणसे. अशा खोलीत एल्फिन्स्टन हायस्कूलच्या विद्यार्थ्याने अभ्यास केव्हा आणि कुठे करावा? यावर रामजींनी जो उपाय काढला तो प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावा असा आहे. मुलाला ते संध्याकाळी लवकर झोपवीत आणि स्वतः जागे राहत. पहाटे दोन वाजता मुलाला उठवून अभ्यासाला बसवीत आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर स्वतः आडवे होत. खोली मोठी करणे त्यांच्या हाती नव्हते. पण चोवीस तासांतून दोन-तीन तास शांततेचे बाजूला काढणे त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी आपली झोप देऊन काढले. मुलाने पुस्तक मागितले आणि घरात पैसा नसला, तर ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत आणि पुस्तक घेऊन घरी येत. पेन्शन आली की दागिना सोडवून परत देत.

शाळेत एक अडचण अशी आली की भीमरावांना संस्कृत शिकावयाची होती, पण अस्पृश्य म्हणून ती त्यांना नाकारण्यात आली. नाइलाजाने त्यांनी फारसी घेतली आणि तीच त्यांची दुसरी भाषा झाली. आपल्या वाचकांना हे विशेष वाटेल. एक दार बंद झाले म्हणून ते दारापाशी बसून राहिले नाहीत. उघड्या दाराने आत गेले. आणि बंद दारही ते विसरले नाहीत, कारण पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने आत्मसात केली.

याच काळात त्यांना एक मोठा माणूस भेटला. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचीत बसत. कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे एक शिक्षक व लेखक त्याच बागेत येत असत. हा मुलगा रोज अवांतर वाचन करताना त्यांना दिसला. त्यांनी चौकशी केली, ओळख वाढविली आणि त्याला पुस्तके देण्यास सुरुवात केली. केळुसकर त्याच्या जातीचे नव्हते, नात्याचे नव्हते, त्याच्या शाळेचेही शिक्षक नव्हते.

सन १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. त्यांना गुण किती मिळाले असतील? ७५० पैकी २८२. म्हणजे शेकडा अडतीससुद्धा नव्हेत. तो मार्कांचा कागद आज कोणी माझ्यापुढे ठेवला असता तर मी काय सल्ला दिला असता, हे सांगावयास नको. त्या समाजात मॅट्रिक होणे हीच तेव्हा नवलाची गोष्ट होती, म्हणून सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्यांचा सत्कार झाला. केळुसकरांनी त्या सभेत आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढे शिक्षण पैशावाचून अडले तेव्हा त्यांनी या विद्यार्थ्याला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापुढे उभे केले आणि महाराजांनी दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती मंजूर केली. एल्फिन्स्टन कॉलेजात म्युलर नावाचे प्राध्यापक त्यांना आपली पुस्तके वाचावयास देत, कपडेही देत. अशा रीतीने सन १९१२ मध्ये ते बी. ए. झाले.

येथपर्यंतचा हिशेब मांडून पाहा. वडिलांनी वेळ दिला, केळुसकर व म्युलर यांनी ग्रंथ दिले, महाराजांनी पैसा दिला. या तिन्ही गोष्टी मुलाला वडीलधाऱ्यांनी द्यावयाच्या असतात. चौथी गोष्ट त्याची त्याने आणावी लागते. ती त्यांना कोठे गवसली ते आता पाहू.

सन १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. त्याच वर्षी सयाजीरावांनी शिष्यवृत्ती देऊन त्यांना अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. तेथे त्यांना प्रथमच अशी शाळा मिळाली, जेथे त्यांच्या बसण्याची जागा जातीवरून ठरत नव्हती. वसतिगृहात नवल भथेना या पारशी तरुणाशी त्यांची मैत्री झाली आणि ती जन्मभर टिकली. सुरुवातीचे काही दिवस मौजेत गेले. मग मात्र त्यांना आपल्या जबाबदारीची जाणीव झाली आणि ते ग्रंथांत बुडून गेले. तेथे विषय निवडण्याची विद्यार्थ्याला मोकळीक होती. तिचा त्यांनी किती फायदा घ्यावा! अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ असे अभ्यासक्रम त्यांनी घेतले; शिवाय फ्रेंच व जर्मन भाषांचे प्राथमिक वर्गही केले. सेलिग्मनसारखे अर्थशास्त्रज्ञ आणि जॉन ड्यूईसारखे शिक्षणतज्ज्ञ त्यांना शिकवावयास होते.

तेथील शिकण्याची तऱ्हाही निराळी होती. विद्यार्थ्याने एखादा प्रश्न घ्यावयाचा, त्यावर ग्रंथालयात वाचन करावयाचे, निबंध लिहावयाचा आणि तो प्राध्यापक व सोबती यांच्यासमोर वाचून त्यांच्या शंकांना उत्तरे द्यावयाची. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात त्यांनी जो निबंध वाचला, त्याचा विषय होता भारतातील जातिसंस्था. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसलेल्या मुलाला जो प्रश्न पडला होता, तोच आता शास्त्रीय अभ्यासाचा विषय झाला. मी वर जी चौथी गोष्ट म्हणालो ती हीच होय. ज्याच्यापाशी स्वतःचा प्रश्न आहे, त्याला वाचावयास कोणी सांगावे लागत नाही.

सन १९१५ मध्ये एम. ए. होऊन आणि पीएच. डी.चा प्रबंध लिहून ते १९१६ मध्ये लंडनला गेले. तेथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. महायुद्धाचे दिवस होते. त्यांचे सामान घेऊन येणारे जहाज पाणतीराने बुडाले. करारानुसार बडोद्यास नोकरीला गेले, तर इतक्या विद्वान माणसाला राहावयास खोली मिळेना. ती नोकरी थोड्याच दिवसांत सोडून ते मुंबईस आले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्याने ऐकण्यासाठी दुसऱ्या कॉलेजांचे विद्यार्थीही येऊन बसत. तेथल्या पगारातून त्यांनी काटकसरीने पैसा साठविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले, आणि १९२० मध्ये एका संसारी माणसाने अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनची वाट धरली.

त्या दिवसांतील त्यांची राहणी ऐकून मन हेलावते. सकाळी घरमालकीण देईल तो पावाचा तुकडा खावयाचा आणि ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय गाठावयाचे. दुपारच्या जेवणाला फाटा. संध्याकाळपर्यंत वाचन, टिपणे. रात्री भूक लागली की एका परिचिताने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खावयाचे आणि पुन्हा वाचावयास बसावयाचे. १९२१ मध्ये एम. एस्सी. झाली. मग रुपयाच्या प्रश्नावर डी. एस्सी.चा प्रबंध सादर केला. परीक्षकांनी तो तसाच स्वीकारला नाही. पुन्हा लिहावयास सांगितले. जवळचे पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले, घरी बसून प्रबंधाची फेररचना केली, तो लंडनला धाडला आणि त्याच वर्षी पदवी मिळविली. त्यांचे गुरू प्रा. कॅनन यांना या ग्रंथातील काही मते मुळीच मान्य नव्हती. तरीही त्याची प्रस्तावना त्यांनीच लिहिली. शिष्याने गुरूच्या मताला मान डोलावलीच पाहिजे असे नाही; त्याने विचार केला आहे की नाही हे पाहणारा गुरू लाभणे हेही एक भाग्यच.

आता दुसरी गोष्ट. शिकून मोठा झालेला माणूस पुष्कळदा मागचे विसरतो. बाबासाहेबांनी आपल्या शिक्षणातील एकेक अडचण आठवून ठेवली होती आणि संधी मिळताच तिच्यावर इलाज केला. एका खोलीत अभ्यास करण्याचे हाल त्यांना ठाऊक होते. म्हणून सन १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले आणि पुढे इतरत्रही निघाली. ग्रंथांवाचून अडणे ठाऊक होते. म्हणून दादरला राजगृह बांधले तेव्हा माणसांइतकाच ग्रंथांच्या जागेचा विचार केला.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. सुरुवातीस इमारत नव्हती. लष्कराच्या मोकळ्या झालेल्या बराकींत वर्ग भरले. कॉलेज सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुले होते. पण त्याचे खरे वैशिष्ट्य वेळापत्रकात होते. मुंबईत शेकडो तरुण दिवसभर कचेऱ्यांत व कारखान्यांत राबत होते. कॉलेजची वेळ तीच त्यांच्या नोकरीची वेळ असल्यामुळे मॅट्रिकनंतर त्यांचे शिक्षण संपत असे. सिद्धार्थ कॉलेजने आपले तास सकाळी ठेवले. सकाळी शिकावे, मग कामावर जावे. याच कॉलेजात विद्यार्थ्यांची संसद भरे, तेथे मुले विधेयके मांडीत व वाद घालीत, आणि कायदामंत्री असलेल्या बाबासाहेबांनी १९५० च्या जानेवारीत त्या संसदेपुढे हिंदू कोड बिलावर भाषण केले होते.

वाचकहो, या वेळापत्रकाच्या हकिगतीपाशी मी फार वेळ थांबलो. मुलगा कॉलेजला येऊ शकत नाही तर त्याला शिक्षणाची आवड नाही, असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. त्यांनी कॉलेजची वेळ बदलली. मी गॅरेजमधल्या मुलाला बदलावयास निघालो होतो, आणि तेही नुसता निकाल देऊन.

त्यानंतर त्यांची दृष्टी आपल्या शेजारच्या मराठवाड्याकडे वळली. निजामी राजवटीत औरंगाबादला इंटरपर्यंत शिकण्याची सोय होती; पदवीसाठी मुलांना हैदराबादेस जावे लागे. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढले. १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. या कॉलेजला पुढे नाव दिले मिलिंद. मिलिंद हा ग्रीक राजा. तो विद्वानांना गाठून प्रश्नांनी भंडावून सोडी. शेवटी नागसेन नावाच्या भिक्षूने त्याच्या प्रश्नांची उत्तरे दिली. कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव आणि त्या परिसराला, नागसेनवनाला, उत्तर देणाऱ्याचे नाव. शिक्षण म्हणजे काय, हे दोन नावांतच त्यांनी सांगून ठेवले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. आदल्या रात्रीही ते आपल्या ग्रंथाच्या कामात होते.

आज बाबासाहेबांच्या जयंतीस ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. उपक्रम चांगला आहे. परंतु तासांच्या आकड्यावर भर देताना त्या तासांत काय करावयाचे, हे निसटू नये. तेच पान दहादा वाचले म्हणजे अभ्यास झाला, असे आपल्या मुलांना वाटते. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेज विद्यार्थ्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी एक उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून, मग तो बाजूला ठेवून, आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. पण आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. वाचलेले मिटवून आपल्या शब्दांत मांडणे, ते दुसऱ्यासमोर सांगणे, चुकले तर पुन्हा लिहिणे, हेच बाबासाहेब न्यूयॉर्क-लंडनमध्ये वर्षानुवर्षे करीत होते.

तेव्हा पालक बंधू-भगिनींनो, आपणाकडून फार मोठी अपेक्षा नाही. घर लहान असले तरी रोजचे दोन तास ठरवून द्या. त्या वेळात टी.व्ही. बंद, मोबाईल बाजूला, पाहुण्यांची बैठक दुसरीकडे. मुलीलाही ते दोन तास द्या. त्या वेळात तिला स्वयंपाकघरातून हाक मारू नका. रात्री जेवताना आज काय शिकलास, काय शिकलीस, एवढे विचारा आणि ऐका. आपण स्वतः शिकलेले नसलात तरी ऐकता येते. आणि सांगणाऱ्याचा अभ्यास त्यातच होतो. जो कामाला लागला आहे त्याचे शिक्षण संपले असे मानू नका. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशांसाठीच आहे. आणि समाजातील शिकलेल्या मंडळींनी केळुसकर व्हावे. बागेत वाचणारा मुलगा रोज दिसत असेल तर त्याला नाव विचारावे.

विद्यार्थी मित्रांनो, वेळ, पुस्तक आणि फी यांची तरतूद वडीलधारे कशीबशी करतील. प्रश्न मात्र तुमचा तुम्हालाच शोधावा लागेल.

शेवटी एक सांगून लेख पुरा करतो. त्या विद्यार्थ्याचे आज स्वतःचे छोटे गॅरेज आहे. मागील वर्षी मी त्याच्याकडे गेलो आणि तेव्हाचा माझा सल्ला चुकीचा होता, हे त्याला स्पष्ट सांगितले. तो हसला, चहा मागविला आणि विषय बदलला. निघताना मात्र म्हणाला, की धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे, त्याला एकदा बघा. मी त्या मुलाला भेटलो. या वेळी मार्कांचा कागद मागितला नाही. तो अभ्यासाला केव्हा बसतो आणि कुठे बसतो, हे आधी विचारले.